वहिनी माझी आई, दादा माझे वडील

पहिलीत असताना बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं, दादा, वहिनी, आजी, दोन काका आणि आत्या. "आणि आईबाबा?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे नाहीत." बाईंचा चेहरा एकदम उतरला. मधल्या सुट्टीत त्यांनी मला शेजारी बसवून स्वतःच्या डब्यातला शिरा दिला. पुढे चार दिवस कधी शिरा, कधी लाडू असा रतीबच सुरू झाला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला न्यायला वहिनी आली, तर बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोटच्या पोरासारखं करता हो दिराचं." वहिनी नुसती बघत राहिली. मग उलगडा झाला आणि ती शाळेच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सोमवारपासून शिरा बंद.

वहिनी म्हणजे माझी आई. दादा म्हणजे वडील. वडील भावंडांत थोरले, त्यामुळे काका-आत्या त्यांना दादा म्हणत आणि आईला वहिनी. मी बोलायला लागलो तेव्हा घरात आई होती, पण त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. मग मला तो शब्द सापडणार कुठून? मूल आपल्या जन्मदात्यांना काय म्हणतं हे मूल ठरवत नाही, आईबापही फारसं ठरवत नाहीत. घरातली इतर माणसं ठरवतात, आणि तेही नकळत.

पण त्याच्याही आधी, बाळाच्या तोंडातून नुसतेच आवाज येतात तिथून सुरुवात करू. सहा-सात महिन्यांचं बाळ बाबाबाबा, मामामामा, दादादादा असा जप लावतं. ओठ मिटून उघडले की प, ब, म निघतात. जीभ पुढं टेकली की त, द, न. तोंडाची कसरत याहून सोपी नसते म्हणून हे आवाज आधी येतात. त्यांना अर्थ नसतो. अर्थ चिकटवतात ती भोवतालची मोठी माणसं, आणि त्यासाठी अक्षरशः भांडतात. बाळ "बाबा" म्हणालं की बाप मिरवतो. "काका" म्हणालं की पुण्याहून आलेला काका नाचतो. बाळ कोपऱ्यातल्या पंख्याकडे बघत असतं.

मराठीनं या सोप्या दुहेरी आवाजांची वाटणी कशी केली आहे ते बघण्यासारखं आहे. बाबा वडिलांना, दादा मोठ्या भावाला, मामा आईच्या भावाला, काका वडिलांच्या भावाला. नाना, आबा, आप्पा, जीजी हे घरोघरी ज्याच्या त्याच्या वाट्याला. उरलेल्यांत 'पापा' म्हणजे मुका ("आजीला पापा दे बघू"), 'दूदू' म्हणजे दूध, 'भूभू' म्हणजे कुत्रा आणि 'मम्मम' म्हणजे जेवण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतल्या या बाळबोलीवर एक निबंध लिहिला होता. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकानं जगातल्या सहा भाषांतली बाळबोली शेजारी ठेवून तपासली. अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी. आपलं मम्मम आणि भूभू एवढ्या लांब जाऊन आले आहेत.

त्याच्या थोडं आधी, १९५९ च्या सुमारास, जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानं जगभरच्या भाषांतून आईसाठीचे ५३१ आणि बापासाठीचे ५४१ शब्द गोळा केले होते. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न असे नाकातून येणारे आवाज निघाले, बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं याचं जे कारण सांगितलं ते कुठल्याही बाळंतिणीला पटेल. दूध पिताना बाळाचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा आवाज काढायचा तर नाकातूनच काढावा लागतो. तो 'म्' सारखा येतो. पुढे भूक लागली की तोच आवाज मागणी म्हणून येतो आणि मग ती मागणी पुरवणाऱ्या बाईला चिकटतो.

मराठीत गंमत अशी झाली की तो आवाज बाईपर्यंत पोचलाच नाही. तो दुधाजवळ, अन्नाजवळच थांबला. मम्मम हे याकोबसनच्या म्हणण्याचं इतकं नेमकं उदाहरण आहे की मला ते वाचताना आपली भाषा जणू प्रयोगशाळेत उभी असल्यासारखं वाटलं. आणि 'मामा' ही जोडी आईच्या भावाकडे गेली. जॉर्जियाच्या भाषेत तर 'मामा' म्हणजे चक्क बाप आणि 'देदा' म्हणजे आई. तेव्हा आवाज कोणते येणार हे तोंडाच्या घडणीवर, पण कोणाला कोणता मिळणार हे भाषेच्या मर्जीवर.

मग आईच्या वाट्याला काय आलं? दोन स्वर. ना ओठ मिटायचे, ना जीभ टेकवायची. जुन्या तमिळमध्ये आईला 'आय्' म्हणत, तेव्हा हा शब्द दक्षिणेकडचा सोयरा दिसतो. हाक मारायला त्याच्यासारखा दुसरा नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला ओरडून बघा. 'मम्मी' म्हणताना मध्येच तोंड मिटतं आणि आवाज तुटतो. 'आऽऽई' छातीत हवा असेपर्यंत चालू राहते. दुखण्याखुपण्यात 'आई गं' सुटतं त्याचं बरंच श्रेय मातृप्रेमाला दिलं जातं, थोडं या उघड्या तोंडाच्या स्वरालाही द्यावं.

आता पुन्हा घराकडे. वर्षाचं झालेलं मूल ऐकेल ते उचलतं. एकत्र कुटुंबात त्याच्या कानावर बापाला हाका पडतात त्या दहा जणांच्या. भाऊ म्हणणारे जास्त असले की बाप 'भाऊ' होतो. चुलतभावंडं मोठी असली की ती म्हणतात म्हणून हेही 'काका' म्हणतं, आणि स्वतःच्या आईला 'काकू'. सख्ख्या आईला आयुष्यभर काकू म्हणणारी माणसं अजून भेटतात, साठीच्या पुढची. काही मुलं आजीचं ऐकून बापाला सरळ नावानं हाक मारतात आणि चार दिवस कौतुक होऊन मग दटावली जातात. सगळ्यात मजेदार 'अहो'. आई बापाला नावानं बोलवत नाही, 'अहो' म्हणते. पोरालाही वाटतं या माणसाचं नावच अहो. आमच्या शेजारच्या वाड्यात एक तीन वर्षांचा मुलगा दारात उभा राहून "अहो आले! अहो आले!" असं गल्लीभर ओरडत असे.

दुसरा रस्ता याहून आडवळणाचा आहे. सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही अशी रीत होती आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं अशीही रीत होती. आता पोराला हाक कशी मारायची? मग तान्ह्या पोरालाच नाना, बापू, तात्या, आप्पा, बाबा असं काहीतरी म्हणायचे. पहिल्या बाजीरावांच्या थोरल्या मुलाचं नाव बाळाजी, म्हणजे आजोबा बाळाजी विश्वनाथांचंच. इतिहास त्यांना नानासाहेब म्हणून ओळखतो. नाना फडणवीसांचं कागदावरचं नाव बाळाजी जनार्दन, त्यांचेही आजोबा बाळाजी. कारण कुठलंही असो, असं पाळण्यातलं टोपणनाव माणसाबरोबर मोठं होतं. त्याला मुलं होतात आणि तीही सगळ्यांसारखीच त्याला नाना म्हणतात. बाबा आमटे यांचं नाव मुरलीधर. 'बाबा' ही पदवी कुष्ठरोग्यांच्या सेवेबद्दल जनतेनं दिली असावी असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते लहानपणी घरात पडलेलं नाव होतं.

म्हणून मराठी माणसाचा बाप ओळखायला कठीण. आण्णा, आप्पा, आबा, बापू, भाऊ, दादा, नाना, तात्या, काका, बाबा, बा. यातला कुठलाही शब्द एका घरात बाप, दुसऱ्यात आजोबा, तिसऱ्यात चुलता आणि चौथ्यात सरपंच. आईच्या बाजूलाही तसंच. आई, माय, माई, आऊ, बय, बाई, आक्का, ताई, जिजी, काकी, वहिनी.

यातले कितीतरी शब्द शेजाऱ्यांकडून आले आहेत आणि येताना त्यांनी नातं बदललं आहे. कन्नडमध्ये 'अण्ण' म्हणजे मोठा भाऊ, 'अक्क' म्हणजे मोठी बहीण, 'अप्प' म्हणजे बाप, 'अव्व' म्हणजे आई. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात बाप आण्णा आणि आई आक्का असलेली घरं ढिगानं सापडतील, म्हणजे शब्दशः बघितलं तर भाऊ नि बहीण. तेलुगूत बापाला 'नान्न' म्हणतात, हिंदीत 'नाना' म्हणजे आईचे वडील, आपल्याकडे नाना कुणीही. हिंदीतला दादा आजोबा, बंगालीतला मोठा भाऊ, आणि आमच्या घरचा दादा म्हणजे वडील. पण माझा सगळ्यात आवडता शब्द 'बा'. आपल्या खेड्यांत बा म्हणजे बाप. "बा शेतात गेलाय." गुजरातीत बा म्हणजे आई, कस्तुरबांच्या नावातला बा तोच. नंदुरबारकडे गुजरातच्या सीमेवर एका हाटात आईला बा म्हणणारे आणि बापाला बा म्हणणारे शेजारी शेजारी बसून भाजी विकत असतील.

खानदेशात आणि विदर्भात 'माय' अजून ठणठणीत आहे. वऱ्हाडात "अवं माय" ही हाकही आहे आणि आश्चर्याचा उद्गारही. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत 'आये'. जुना शब्द 'आऊ', तो जिजाऊंच्या नावात कायमचा बसला आहे. सरदार-इनामदार घरांत आईसाहेब, आबासाहेब, आणि तिथं आईलाही 'अहो'. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत अम्मी-अब्बा. मालवणीत आई-वडिलांबद्दल बोलताना 'आवस' आणि 'बापूस' म्हणतात. घाटावरच्या लोकांना त्यातली आवस फक्त एका शिवीमुळे माहीत असते. आगरी-कोळी बोलीतही बापूस आहेच. गोव्याच्या कोकणीत त्याच जोडीचं 'आवय-बापूय' होतं. आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजातून आलेला 'पाय'. पाय म्हणजे बाप. "पाय आयलो" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खाली बघितलं होतं. तिथं 'बाबा' हा शब्द मात्र लहान मुलाला वापरतात आणि 'बाय' लहान मुलीला.

हे उलटं काहीतरी नाही बरं का. आपणही पोराला म्हणतोच, "अरे बाबा, जेव आता", "ऐक रे बापा", आणि मुलगी हट्टाला पेटली की "अगं माझे आई, घाल एकदाचा तो फ्रॉक!" संस्कृतातला 'तात' असाच दुतोंडी आहे. तो बापालाही वापरतात आणि मायेनं धाकट्यालाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला तात म्हणतो. अरबी घरांत तर आई स्वतःच्या लेकराला 'मामा' म्हणून हाक मारते आणि बाप 'बाबा' म्हणून. मुलाला काय म्हणायचं ते शिकवता शिकवता तोच शब्द त्याच्यावर उलटतो.

आता एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बरेच वाद तिथं होतात. हाक मारायचा शब्द वेगळा आणि उल्लेख करायचा शब्द वेगळा. कुणीही बापाला "ओ वडील, चहा घ्या" असं म्हणत नाही. 'वडील' हा फक्त उल्लेखाचा शब्द. मुळात त्याचा अर्थ नुसता 'मोठा', जुन्या मराठीत 'वडील भाऊ' म्हणजे थोरला भाऊ. त्यातून तो बापासाठी राखीव झाला. 'आवस-बापूस' हेही उल्लेखाचेच. हाक मारताना मालवणी पोर 'आये' किंवा 'आई'च म्हणणार. आमच्या पत्रांतून 'तीर्थरूप' असे, त्याचं लघुरूप 'ती.', आणि वडिलांबद्दल तिऱ्हाइताशी बोलताना "आमचे तीर्थरूप" असंही म्हणत, बहुधा थोडं वैतागून. 'आई' मात्र हाकेलाही चालते आणि उल्लेखालाही. ती दोन्ही कामं एकटीच करते, यावर घरातल्या बायका काय बोलतील ते मी लिहीत नाही.

'बाप' शब्दाची तर परवडच झाली. आज शहरात "तुझा बाप काय करतो?" म्हटलं तर भांडण होईल. पण ज्ञानेश्वरांच्या अभंगांची नाममुद्रा 'बाप रखुमादेवीवरू' अशी आहे, आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी विठ्ठल-रखुमाईला बाप आणि आई म्हटलं. त्यात अनादर शोधायला कुणी जाणार नाही. खेड्यांत आजही "माझ्या बापानं काढलेली विहीर" असं म्हणताना माणसाची छाती फुगलेली असते. शब्द खाली गेला तो बहुधा 'वडील' सभ्य ठरला म्हणून. एका नात्याला दोन शब्द असले की एकाला ओसरीवर बसावं लागतं. याउलट 'माय' आणि 'आई' घरातून निघून देवळापर्यंत, नदीपर्यंत पोचल्या. मुक्ताई, यमाई, मरीआई, सावित्रीमाई, रमाई, कृष्णामाई. विठ्ठल पुरुष, तरी वारकऱ्याची विठाई.

व्याकरणातही आई आणि बाबा एका पंगतीला बसत नाहीत. 'आई आली', पण 'बाबा आले'. 'माझी आई', पण 'माझे वडील'. आईला 'अगं' आणि तू, बाबांना 'अहो' आणि तुम्ही. दोन वर्षांच्या पोराला हा भेद नसतो, ते "बाबा आला" म्हणतं, मग कुणीतरी सांगतं, "आले म्हणावं." आदर कसा शिकवला जातो हे बघायचं तर या एका दुरुस्तीकडे बघावं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शहरांत ही दुरुस्ती करणंच लोकांनी सोडलं आणि "ए बाबा, ऐक ना" सुरू झालं. जुनी माणसं अजून नाकं मुरडतात. मला विचाराल तर बाप त्या 'तू'मुळे पडवीतून स्वयंपाकघरात आला. माझे दादा आयुष्यभर तुम्हीच राहिले. त्यांच्याशी बोलायचं तर आधी वहिनीशी बोलावं लागे.

मम्मी-पप्पांबद्दल लोक संतापून बोलतात, त्यामुळे जरा सावकाशीनं बघू. माझ्या लहानपणी मम्मी म्हणणारी मुलं इंग्रजी शाळेतली, बंगल्यातली. आम्हाला ती सिनेमातली वाटायची. पुढे तीसचाळीस वर्षांत तो शब्द जिने उतरत उतरत तालुक्याच्या गावात, मग वाडीवस्तीवर गेला. आणि जसा तो खाली पोचला तसा वरच्या मजल्यावरच्यांनी तो टाकून दिला. आज पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमातली पोरं ठरवून आई-बाबा म्हणतात आणि मराठी शाळेत जाणारी मोलकरणीची मुलगी मम्मी-पप्पा म्हणते. मग बंगल्यातला माणूस हळहळतो की या लोकांनी मराठी सोडली! शब्द कुणाकडून गेला होता ते तो विसरला आहे.

शिवाय मम्मी गावात गेली ती इंग्रजी राहिलीच नाही. आक्केला, मावशीला हाक मारताना 'आक्के', 'मावशे' होतं ना, तसं तिचं 'मम्मे' झालं. एसटीच्या स्टँडवर एकदा सात-आठ वर्षांचा पोरगा गाडीच्या खिडकीतून ओरडत होता, "ए मम्मे, आगं पिशवी ऱ्हायली की!" यात परकं काय आहे? संबोधनाचा ए-कार पक्का मराठी, सूर पक्का साताऱ्याचा. 'पापा' हा मुक्याचा शब्द आधीच असल्यामुळे की काय, बापाचा आपण 'पप्पा' केला, मधलं अक्षर चांगलं दाबून.

आई-बाबा हीच मूळची, खरी मराठी जोडी असं आज सगळे धरून चालतात, तेही मला तितकंसं पटत नाही. आई जुनी आहे खरी. पण प्रत्येक घरात बापाला बाबाच म्हणायचं, हा सारखेपणा घरं लहान झाल्यावर आला असं मला वाटतं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दादा म्हणणारे धाकटे भाऊ नाहीत, वहिनी म्हणणाऱ्या नणंदा नाहीत. मुलाच्या कानावर उसनं नाव पडायची सोयच उरली नाही. तेव्हा आईबापांना स्वतःच मुलाला शिकवावं लागतं, "म्हण, आ-ई. म्हण, बा-बा." पाठ्यपुस्तकातही तेच छापलेलं. माझ्या वाड्यातल्या अकरा बिऱ्हाडांत मिळून बापांची सात वेगवेगळी नावं होती, मी एकदा मोजली होती. माझ्या मुलाच्या सोसायटीत तीन सापडली: बाबा, पप्पा आणि एक डॅडा.

वयाप्रमाणे नावं बदलतात ती अशी. सातवी-आठवीपर्यंत आई ही आई. मग मित्रांसमोर तिला हाक मारायची लाज वाटते आणि "मातोश्री आल्या", "पिताश्रींनी मोबाइल काढून घेतला" अशी नाटकी भाषा येते. त्यात टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांचा हात आहे. कॉलेजात पोरांपोरांत सरळ "बाप घरी आहे रे". नोकरी लागली की पुन्हा आई. स्वतःला मूल झालं की एका रात्रीत सगळ्यांची बढती होते: मुलगाच आईला "आजी, याला धर जरा" म्हणायला लागतो, कारण आता हाका बाळाच्या तोंडानं मारायच्या असतात. आणि शेती करणारा पन्नाशीचा माणूस "आमची म्हातारी" म्हणतो तेव्हा ते हिडीसफिडीस नसतं. त्याच्या मोठेपणी उरलेला तो लाडाचा शब्द असतो.

सून आली की आणखी एक गाठ. पूर्वी सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणे. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या घरी लग्न लागायचं, त्यामुळे सासू खरोखर आत्या किंवा सासरा खरोखर मामा असू शकत असे. पुढे नातं नसलं तरी शब्द राहिला. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र मध्य विभागात घातला आहे, उत्तर आणि दक्षिणेच्या मधोमध. भाषा उत्तरेच्या कुळातली, पण मामाची मुलगी करायची चाल दक्षिणेसारखी. मामंजी हा शब्द या मधोमध असण्याचा पुरावा आहे. आता सूनही सासूला आईच म्हणते. पण आमच्या घरात भिंतीपलीकडून ऐकूनही कळतं कोण बोलावतंय. "अगं आई" म्हणजे माझी बहीण माहेरी आली आहे. "अहो आई" म्हणजे बायको.

परदेशात गेलेल्या घरांत 'आई'ची वेगळीच अडचण. अमेरिकेत वाढणारं मराठी मूल इंग्रजीत बोलताना आईला बहुधा आईच म्हणतं, मॉम म्हणत नाही, आणि मग 'माय आई' हे ऐकणाऱ्याला 'माझा डोळा' असं ऐकू येतं. माझ्या भाच्याच्या पाळणाघरातल्या बाईंनी तो "आय वाँट माय आई" म्हणून रडायला लागल्यावर त्याचे डोळे तपासले होते. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांना मात्र उलटा अनुभव आला असेल. १९४८ नंतर त्यातली बरीच इस्राएलला गेली, आणि तिथल्या हिब्रूत बापाला म्हणतात 'आबा'. आपल्याकडे अर्ध्या महाराष्ट्राचे आजोबा आबा असतात.

आमचे दादा गेले, काकाही दोघे गेले. वहिनी म्हणून हाक मारणारा आता घरात मी एकटाच उरलो होतो. मागच्या वर्षी तिला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. स्ट्रेचरजवळ मी "वहिनी, हात दे, वहिनी, ऐकू येतंय का" असं करत होतो. नर्सनं कागद पुढे केला, रुग्णाशी नातं विचारलं. मी पेन घेईपर्यंत तीच म्हणाली, "दीर ना? मग जरा थांबा काका, सही मुलाची लागेल. मुलाला बोलवून घ्या." वहिनीनं डोळे मिटूनच हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ती हसत होती.